तळहातावरचे दोन महादेव

भागम्माच्या डोळ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं. तिला आता एक वस्तू एकच दिसते.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. असं काही झालेलं नाही. ऑपरेशन नाही, डॉक्टर नाही, आणि परभणीच्या त्या दवाखान्याची पायरीही कुणी चढलेलं नाही. ताडकळसमध्ये नुकतं उजाडलंय, अण्णारावांना किराणा दुकानाचं शटर वर करायचंय आणि आतल्या खोलीत त्यांची बायको भागम्मा इष्टलिंगाच्या पूजेला बसली आहे.

गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, हात नजरेसमोर धरायचा आणि पापणी न हलवता बघत राहायचं. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून भागम्मा हे रोज करत आली होती. पूजा होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही. एवढ्या वर्षांत महादेवानं कधी तक्रार केली नव्हती आणि भागम्मानंही केली नव्हती. त्या दिवशी मात्र तिनं आतून हाक मारली.

"अहो, इकडं या जरा. माझ्या हातात किती हायेत बघा."

अण्णाराव वाकले. "एक."

"नीट बघा."

अण्णारावांनी चष्मा चढवला. "एकच हाय. किती पायजेत?"

"मला दोन दिसायलेत. एकावर एक."

अण्णाराव दुकानदार माणूस. एकाचे दोन झाले तर त्यात वाईट काय, हे त्यांना चटकन उमगत नसे. पण भागम्माचा चेहरा बघून ते आणखी वाकले. तिनं वरच्या महादेवाला बेलाचं पान वाहिलं होतं आणि ते सरळ तिच्या मांडीवर पडलं होतं.

"म्हंजी वरचा खोटा हाय," अण्णारावांनी निकाल दिला. "तू खालच्याची पूजा कर."

"कुणाला खोटा म्हनायलाव, कळतंय का?"

अण्णारावांना कळलं. त्यांनी निकाल मागं घेतला.

भागम्माला थायरॉइडचं दुखणं सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. गोळ्या चालू होत्या. त्या दुखण्यानं तिचे डोळे हळूहळू मोठे होत बाहेर आले होते, आणि ती साधं "काय पायजे?" म्हणाली तरी गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं. त्याचा एक फायदा झाला होता. भागम्मा गल्ल्यावर असली की घासाघीस बंद. अण्णाराव मनातल्या मनात त्या डोळ्यांना दुकानाची मालमत्ता समजत. आता त्याच मालमत्तेनं दगा दिला होता.

"एक डोळा झाकून बघ की," त्यांनी सुचवलं.

भागम्मानं उजवा डोळा मिटला. महादेव लगेच एक झाला. अण्णारावांना वाटलं, मिटलं. पण भागम्मानं डोळा परत उघडला.

"न्हाई जमायचं."

"काहून? दिसला न्हाई का एक?"

"दिसला. पन त्याच्याकडं एक डोळा मिटून बघायचं म्हंजी काय? महादेवाला डोळा मारू का मी? ह्या वयात?"

मुलानं, राजशेखरनं, औषधाच्या दुकानातून डोळ्यावर बांधायची पट्टी आणून दिली. भागम्मा म्हणाली, पट्टी बांधून डोळा मारला तरी तो मारलाच. अण्णाराव म्हणाले, हात खाली घे, खाली बघितल्यावर एक दिसतोय ना. भागम्मा म्हणाली, हात नजरेसमोर धरायला शिकवलंय, देव मांडीवर घेऊन बसायला तो काही पाळण्यातला न्हाई.

शेवटी तिनंच एक युक्ती काढली. हात होता तिथंच ठेवायचा आणि हनुवटी वर उचलायची. मान मागं टाकली की डोळे आपोआप खालच्या बाजूला बघत आणि दोन महादेव सरकत सरकत एक होत. पूजेत ते चाललं. मग रस्त्यानं जाताना, गिऱ्हाईकाशी बोलताना, बाजारात भाजी निवडतानाही भागम्माची हनुवटी वरच राहू लागली. साऱ्या गल्लीचा असा समज झाला की भागम्माला अचानक कशाचा तरी लय गर्व झालाय. कशाचा, यावर एकमत होईना.

शेजारच्या पंचफुलाबाई एकदा दारातून म्हणाल्याच, "भागाक्का आता आभाळाकडं बघून चालायल्यात. आमी आपली खालची मानसं, आमी कुठं दिसनार."

"दिसतीस की," भागम्मा म्हणाली. "सरळ बघितलं तर दोन-दोन दिसतीस. मला एकच झेपतीस, म्हनून मान वर."

पंचफुलाबाई त्या दिवशी लवकर घरात गेल्या.

परभणीच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा बाहेरगावाहून डॉक्टर भक्ती येत. तिरळ्या डोळ्यांची ऑपरेशनं करणाऱ्या. बाई अंगानं इतक्या लहान, की पहिल्यांदा बघून अण्णारावांनी त्यांनाच विचारलं, डॉक्टर कधी येणार. त्यांनी भागम्माच्या डोळ्यांसमोर काचेचे त्रिकोणी तुकडे एकामागं एक धरले, कुठल्या तुकड्यातून तिला दिवा एकच दिसतो ते टिपून घेतलं, मग मान वळवायला लावून परत तेच. अर्धा दिवस गेला. अण्णारावांनी एवढ्या बारकाईनं सोनं मोजतानाही कुणाला बघितलं नव्हतं.

"ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण आत्ता नाही."

"आमी तयारीनं आलाव, म्याडम," अण्णाराव म्हणाले. खरंच आले होते. पिशवीत सतरंजी होती.

"काका, डोळ्याला खालून ओढणारा जो स्नायू आहे, तो मावशींच्या उजव्या डोळ्यात सुजून आखडलाय. डोळा वर येऊ देत नाही. तो स्नायू सोडवून मी थोडा मागं शिवणार. पण आजार अजून हलतोय. आज मोजून शिवलं आणि उद्या स्नायूनं माप बदललं, तर माझी शिलाई चुकली. सहा महिने हेच माप टिकलं पाहिजे. मग बघू."

"आनि काय काय लागतं, नीट व्हायला?"

"थायरॉइड काबूत पाहिजे. गोळी एक दिवस चुकवायची नाही. आधी डोळ्याचं दुसरं कुठलं मोठं ऑपरेशन झालेलं नाही, हे चांगलंय. आणि घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?"

"घरात कुनीच न्हाई," अण्णाराव म्हणाले.

ते खोटं बोलले नव्हते. तीस वर्षं बिडी ओढणाऱ्या अण्णारावांचा एक कडक नियम होता. घरात देव आहे, म्हणून घरात ओढायची नाही. ते घराच्या मागच्या बाजूला, खिडकीबाहेर उभं राहून ओढत. त्या खिडकीच्या आत पूजेची जागा होती. भागम्माशी बोलायला बरं पडतं म्हणून ते बाहेर उभे असले तरी तोंड आत असे.

भागम्मा त्यांच्या शेजारी हनुवटी वर करून बसली होती. ती काही बोलली नाही.

गल्लीत बातमी पसरली की भागम्माचं ऑपरेशन सहा महिन्यांवर ठेवलंय, आणि यश कशाकशावर अवलंबून आहे याची माहिती लोक आपल्या परीनं वाढवत गेले. एकानं सांगितलं, उशी उत्तरेला नको. दुसरा म्हणाला, वांगं बंद करा. पंचफुलाबाईंनी ऑपरेशन सोमवारीच करा असा आग्रह धरला, कारण दुखणं महादेवाच्या संबंधातलं आहे. महारुद्र टेलरनं मात्र नीट चौकशी केली. शिलाई कशी करतात, दोरा कुठला, हे विचारलं. स्नायूची गाठ लगेच घट्ट मारत नाहीत, सरकती ठेवतात, आणि पेशंट जागा झाल्यावर माप बघून मग पक्की करतात, असं डॉक्टरांनी सांगितलेलं अण्णारावांनी त्याला ऐकवलं. महारुद्रनं हातातली कातर खाली ठेवली. "आधी कच्ची घालून, मानूस उभा करून बघायचं," तो म्हणाला. "बाई खानदानी हाय." तेव्हापासून ताडकळसमध्ये डॉक्टर भक्तींचे मामा शिवणकाम करत होते अशी वदंता आहे. तिला कसलाही आधार नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परत काचेचे तुकडे धरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"माप वाढलंय. सहा महिने आता आजपासून मोजायचे."

अण्णारावांना वाटलं आपलंच नाव कुणीतरी चावडीवर पुकारलं. "गोळ्या तर टायमावर घ्यायलीय म्याडम. वांगं पन बंद केलं."

"वांग्याचा संबंध नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे. काका, मी मागं विचारलं होतं. घरात धूर?"

"घरात न्हाई," अण्णाराव म्हणाले.

"घरात न्हाई," भागम्माही म्हणाली. "खिडकीच्या भाईर. पन तोंड आत असतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अण्णारावांनी सतरंजीच्या पिशवीकडे बघितलं.

"सगळा दोष एकट्या धुराचा, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "हा आजार आपल्या मनानंही वाढतो. पण तंबाखूचा धूर या डोळ्यांचा वैरी आहे, ओढणाऱ्याच्याही आणि शेजारी बसणाऱ्याच्याही. आपल्या हातात जेवढं आहे तेवढं थांबवू. बाकीचं मी बघते."

परतीच्या एसटीत अण्णारावांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "पहिल्या खेपेलाच का न्हाई सांगितलीस?"

"तुमी सांगताल वाटलं."

"आनि आज?"

"आज वाटलं न्हाई."

भागम्मा हनुवटी वर करून समोर बघत होती, ड्रायव्हर एकच दिसावा म्हणून. अण्णाराव तिच्याकडे बघत होते. तिला रोज सकाळी दोन महादेव दिसत होते, आणि त्यातल्या एकावर आपण तीस वर्षं धूर सोडत आलो, हे त्यांना तोपर्यंत सुचलं नव्हतं. घरी उतरल्यावर त्यांनी खिशातलं बंडल मोरीत टाकलं. मग दुकानात गेले आणि विक्रीची बंडलंही खाली उतरवली.

अण्णारावांनी बिडी सोडली हे खरं, पण ती एकट्यानं सोडायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सगळ्या गल्लीला सोडायला लावली. बिडी मागायला दुकानात आलेला माणूस गुळाचा खडा तोंडात घेऊन आणि डोळ्याला सहा स्नायू असतात हे शिकून परत जाई. घरावरून कुणी सिगारेट ओढत गेला तर अण्णाराव त्याच्या मागून वारा घालत चालत. एकदा त्यांनी पूजेतली उदबत्तीही विझवली.

"ह्यो धूर माझ्या देवाचा हाय," भागम्मा म्हणाली. "तुमचा थांबवा म्हनले होते."

उदबत्ती परत लागली. अण्णाराव उदबत्तीच्या धुराचं काय, हे विचारायला डॉक्टरांना फोन करणार होते, पण भागम्मानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या डोळ्यांत अजून जोर होता.

रात्री हात शिवशिवायचे तेव्हा ते डाळ निवडत. त्या वर्षी अण्णारावांच्या दुकानातल्या तुरीच्या डाळीत खडा सापडला नाही, ही गोष्ट ताडकळसच्या बाजारात अजून सांगतात. कधी कधी खिडकीबाहेर जाऊन सवयीनं उभेही राहत, तोंड आत, हातात काही नाही. भागम्मा पूजा करता करता म्हणायची, "उभं ऱ्हावा. बरं वाटतं." एवढीच शाबासकी. ती त्यांना आठवडाभर पुरायची.

माप थांबलं. डॉक्टर काचेचे तुकडे धरायच्या, वहीत बघायच्या आणि मान हलवायच्या. सहा महिने भरले.

ऑपरेशनच्या सकाळी नर्स म्हणाली, अंगावरचे सगळे दागिने काढा. भागम्मानं बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं काढून राजशेखरच्या हातात दिलं. मग नर्सनं गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट दाखवलं.

"ह्यो दागिना न्हाई."

"आजी, आत काहीच चालत नाही."

"मग मी पन आत येत न्हाई."

अण्णाराव मध्ये पडायला उठले आणि बसले. अंगावरून लिंग उतरवायचं नाही, जिवंतपणी तर नाहीच, हे त्यांनाही शिकवलेलं होतं. त्यांना भीती एवढीच वाटली, की सहा महिने, आणि त्याच्या आधीचे तीन, सगळं आता या दारातून परत जाणार. तेवढ्यात डॉक्टर भक्ती ऑपरेशनच्या टोपी-मास्कमध्ये बाहेर आल्या. त्यांनी ऐकून घेतलं. कुणालाही रागावल्या नाहीत, कुणाला समजही दिली नाही.

"डबी राहू द्या काकांकडे. आतला देव निर्जंतुक कापडात गुंडाळून मावशींच्या डाव्या तळहातावर बँडेजनं बांधून टाका. सलाइन उजव्या हाताला लावू."

भागम्मानं त्यांच्याकडे हनुवटी वर करून बघितलं. "आता तुमी एकच दिसायलाव," ती म्हणाली. नर्सला वाटलं, ती डोळ्याबद्दलच बोलतेय. अण्णारावांना माहीत होतं, ती असं फार थोड्या लोकांना म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची पट्टी निघाली. दोऱ्याची सरकती गाठ अजून तशीच होती. डॉक्टरांनी आधी लांबचा दिवा दाखवला, मग जवळ धरायला बारीक अक्षरांचा कागद पुढं केला.

"कागद नगं," भागम्मा म्हणाली. "मी जे बघते तेच बघते." आणि तिनं डावा हात पुढं केला.

डॉक्टरांनी स्वतःच बँडेज सोडलं. काळं, गुळगुळीत लिंग तळहातावर होतं. भागम्मानं हात नजरेसमोर धरला, मान सरळ ठेवली. अण्णाराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांना श्वास घ्यायचा होता, पण धुराच्या इतक्या दिवसांच्या भीतीनं त्यांनी तोही जरा थांबवला.

"किती, मावशी?"

"दोन. पन लय जवळ."

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, चिमट्यानं दोरा किंचित सोडला. "आता?"

"अजून जवळ. एकाच्या खांद्यावर दुसरा."

"आता?"

भागम्मानं पापणी न हलवता बघितलं. मग हळूच म्हणाली, "एक. कडंला जरा सावली हाय."

"बास," डॉक्टर म्हणाल्या आणि गाठ मारायला घेतली.

अण्णाराव भिंतीपासून सुटले. "म्याडम, सावली ऱ्हायली म्हनती ती. अजून एक जरा."

"नाही काका. हा स्नायू पुढच्या काही आठवड्यांत अजून मागं सरकेल. आज मी पुरतं जुळवलं, तर तेव्हा ते पलीकडे जाईल आणि खाली बघताना दोन दिसतील. आज थोडं कमी ठेवायचं असतं."

अण्णारावांना हे पटेना. एवढं करून कमी ठेवायचं म्हणजे काय. पण भागम्माला पटलं होतं. "लोनचं घालताना आजच चवीला बरोबर मीठ लागलं, तर मुरल्यावर ते वाया जातं," ती म्हणाली. "मारू द्या त्यांना गाठ."

डॉक्टर भक्तींचे हात तेवढ्यात आपलं काम करून गेले होते. अण्णारावांनी आयुष्यात तागडीच्या काट्यावर खूप नजर ठेवली होती, पण एवढं अचूक माप घेऊन मुद्दाम त्याच्या अलीकडं थांबणारं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. थांबायला किती माहीत असावं लागतं, हे त्यांना गाठीची दोन टोकं कापली जाताना थोडंसं समजलं.

त्यानंतर भागम्मा रोज पूजेला बसे आणि अण्णाराव खिडकीबाहेर उभे राहत. विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. सावली आहे का, हलली का, पलीकडं तर गेली नाही, हे सगळं त्यांनी पोटात ठेवलं आणि एक किलो लवंग संपवली. भागम्माची हनुवटी रोज थोडी खाली येत होती. गल्लीत बोलणं सुरू झालं की भागम्माचा गर्व उतरायलाय.

आणि मग एका सकाळी ती मान अगदी सरळ ठेवून बसली. दोन्ही डोळे उघडे. पापणी हलली नाही. बराच वेळ तशीच बसली, इतका वेळ की अण्णारावांच्या पायाला मुंग्या आल्या.

"अहो," तिनं हाक मारली.

"काय गं?"

"एकच हाय."

अण्णारावांनी खिडकीचा गज धरला. ते एवढंच म्हणाले, "मग आता चहा टाकतीस का मी टाकू?" आणि चहा त्यांनीच टाकला, साखर दोनदा पडली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी काचेचे तुकडे धरले आणि ते सगळे परत पेटीत ठेवून दिले. सरळ बघताना एक, खाली बघताना एक. "वर बघताना मात्र अजून दोन दिसतील, मावशी," त्या म्हणाल्या. "तो स्नायू पूर्ण मोकळा होत नाही. त्यासाठी परत ऑपरेशन करावं असं मला वाटत नाही. माणसाचं बहुतेक जगणं समोर आणि खालीच असतं."

"माझं सगळं तिथंच हाय," भागम्मा म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय संपला.

अण्णारावांचा संपला नाही. परत येताना एसटी स्टँडवर भागम्मानं गाडीची पाटी वाचायला नजर वर केली आणि हसली. दोन गाड्या दिसायल्यात म्हणाली. घरी अंगणात तिनं चंद्राकडं बघितलं, तेव्हाही हसली. तिला त्यात मजा वाटत होती. अण्णारावांना वाटत नव्हती. एवढं सोसलेल्या बाईला वर बघायला लागावं, हीच त्यांना व्यवस्थेतली चूक वाटली. त्यांनी दुकान राजशेखरवर सोपवलं, कोरा कागद घेतला आणि आपल्या चांगल्या अक्षरात लिहून काढलं:

मा. तहसीलदार साहेब, पूर्णा यांचे सेवेशी,

विषय: उंचावरील वस्तू खाली घेणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, माझी पत्नी सौ. भागम्मा हिच्या डोळ्याचे ऑपरेशन उत्तम झाले असून तिला समोरील व खालील सर्व काही एकच दिसते. सदर बाईने आजवर कुणापुढे मान खाली घातलेली नाही व यापुढेही घालणार नाही. तथापि तिला वर बघण्याची तसदी पडू नये, याकरिता मौजे ताडकळस येथील पाण्याची टाकी, एसटीच्या गाड्यांवरील पाट्या, देवळाचे कळस, विजेच्या तारा व चंद्र, या सर्व वस्तू तिच्या नजरेच्या पातळीस अथवा त्याखाली उतरवून मिळाव्यात. चंद्राच्या बाबतीत काही तांत्रिक अडचण असल्यास तसे कार्यालयाने लेखी कळवावे, ही नम्र विनंती.